दोन टोकांतला फरक

बुधवारी सकाळी आठ वाजता हॉलमध्ये होतं ते असं : लाकडी फळ्यांवर तयार केलेलं एक टेनिस कोर्ट, रंगाचे चार हात दिलेलं, शेवटचा हात देऊन अडतीस तास झालेले. एक जाळं, अजून गुंडाळलेलं. दोन खांब. अठरा डब्यांत बहात्तर चेंडू, त्यांतला एक डबा फोडलेला. चार हीटर, पैकी तीन चालू. दोनशे लिटरचं एक पिंप, वापरून झालेलं. कोर्टाचा वेग मोजायचं एक यंत्र, महासंघाच्या कपाटात सहा वर्षं पडून असलेलं. माणसं तीन : मामा, मामी आणि मी. तापमान सोळा अंश.

यंत्र साधं आहे. ते ठरावीक वेगाने, ठरावीक कोनात चेंडू जमिनीवर मारतं आणि टप्पा पडण्याआधीचा व नंतरचा वेग मोजतं. त्यावरून एक आकडा मिळतो. आकडा मोठा म्हणजे कोर्ट फास्ट, लहान म्हणजे स्लो. अधिकृत मोजणी दुपारी दोन वाजता व्हायची होती, रेफ्रीबाईंच्या समोर, त्यांच्या यंत्राने. मी फक्त रंगीत तालीम करत होते.

दाराकडच्या टोकाला तीन जागा, प्रत्येक जागी पाच चेंडू. सरासरी ३८.४.

भिंतीकडच्या टोकाला तीन जागा, प्रत्येक जागी पाच चेंडू. सरासरी ३२.१.

मी चेंडू बदलले आणि भिंतीकडचं टोक परत मोजलं. ३२.०.

“काय गं शास्त्रीणबाई, तोंड का उतरलं?” मामाने विचारलं. माझी पदवी हातात आल्यापासून मामा मला याच नावाने हाक मारतो.

“मामा, दोन टोकांत सहाचा फरक आहे.”

मामाच्या हातातला जाळ्याचा गुंडाळा तसाच राहिला. मामी हीटरपाशी चहा ओतत होती, तिने थर्मास खाली ठेवला.

“किती चालतो?” तिने विचारलं, खरं तर तिला माहीत होतं.

“चार.”

हे चार म्हणजे काय ते सांगायला हवं. शुक्रवार-शनिवारी या हॉलमध्ये दोन देशांच्या संघांत पाच सामने होणार होते : चार एकेरी, एक दुहेरी. जो तीन जिंकेल तो पुढच्या फेरीत. खेळ यजमानांच्या घरी होतो, त्यामुळे कोर्ट कसलं हवं ते यजमान ठरवतात. हा हक्क फार मोठा असतो. आमच्या कॅप्टनने स्लो कोर्ट मागितलं, कारण आमचा एक नंबरचा खेळाडू समोरच्याला दमवून जिंकतो. पण यजमानाने या हक्काचा गैरफायदा घेऊ नये म्हणून नियम आहेत. रेफ्री तिसऱ्याच देशाचा हवा. सरावाला दोन्ही संघांना सारखा वेळ हवा. आणि कोर्टाच्या दोन टोकांच्या वेगात चारपेक्षा जास्त फरक नको. फरक जास्त निघाला तर सामने आधी कळवून ठेवलेल्या पर्यायी कोर्टावर हलतात. आमचं पर्यायी कोर्ट क्लबातलं मातीचं होतं, आणि पाहुण्या संघातले चौघेही मातीवरच लहानाचे मोठे झालेले.

हे झालं संघाचं. मामाचं वेगळंच होतं. मामाने बावीस वर्षं क्लबांची, शाळांची कोर्टं केली. आंतरराष्ट्रीय सामन्याचं हे त्याचं पहिलं कोर्ट. ते मोजणीत पास झालं की मान्यताप्राप्त कारागिरांच्या यादीत त्याचं नाव लागणार होतं. नापास झालं तर ही यादी त्याला पुन्हा कधी उघडणार नव्हती. तसं त्याच्याकडून लिहूनच घेतलं होतं.

मी पिंपाकडे गेले आणि आत टॉर्च मारला. तळाशी वाळू होती. पट्टी घालून मोजली : चौदा मिलिमीटर जाडीचा थर.

तेव्हा मला कळलं.

कोर्टाच्या रंगात बारीक वाळू मिसळतात. वाळू जास्त तर चेंडू घासतो, कोर्ट स्लो होतं. मामा आजवर एकेका बादलीत रंग कालवत आला. वाळू मुठीने टाकायची, मामीने लाकडी दांड्याने घोळायचं, बादली दहा मिनिटांत रिकामी करायची, मग पुढची. मी यावेळी म्हटलं होतं, बारा बादल्या म्हणजे बारा वेळा चूक व्हायची शक्यता. एवढं मोठं काम, वाळू वजनाने घेऊ आणि शेवटच्या हाताचा सगळा रंग एकाच पिंपात कालवू, म्हणजे पहिला थेंब आणि शेवटचा थेंब सारखाच. मामा म्हणाला होता, “शिकलेल्या पोरीचं ऐकावं.” आणि ऐकलं होतं.

रंग पिंपातून काढायला अडीच तास लागले. पहिला एक तास मामी घोळत होती. मग तिला मी पांढऱ्या पट्ट्या आखायची दोरी धरायला बोलावलं. उरलेल्या दीड तासात वाळू आपल्या वजनाने खाली बसत गेली. वरचा पातळ रंग दाराकडे गेला, तळाचा जाड रंग भिंतीकडे. बादली दहा मिनिटांत का रिकामी करायची, हे मामाला कुणी शिकवलं नव्हतं आणि मी विचारलं नव्हतं.

“माझी चूक आहे,” मी म्हटलं आणि सगळं सांगितलं.

मामी पिंपात डोकावली. “मी म्हणत होते ना, हात थांबला की रंग रुसतो. पण आपल्या अडाण्यांचं कोण ऐकतो!”

“अगं, आता तिला कशाला टोचतेस?”

“टोचत नाहीये. चहा देतेय.” आणि तिने खरंच माझ्या हातात कप दिला.

आठ चाळीसला कॅप्टन आला, मागे चार खेळाडू. कॅप्टन स्वतः खेळत नाही. सामन्यात तो कोर्टाशेजारच्या खुर्चीवर बसतो आणि बाजू बदलताना खेळाडूच्या कानाशी लागतो. बाकी वेळ तो उभाच असतो. नऊ ते अकरा आमच्या संघाचा सराव होता, अकरा ते एक पाहुण्यांचा.

मी तोंड उघडायच्या आत मामा पुढे झाला. “कॅप्टनसाहेब, चूक झालीय माझ्याकडून.”

कॅप्टनने सगळं ऐकून घेतलं. मग एकच प्रश्न विचारला. “दाराकडचं टोक स्लो करता येईल?”

“आणखी एक हात द्यावा लागेल. या थंडीत वाळायला सात तास. अकराला पाहुणे येणार.”

“मग दुसरं काय?”

“भिंतीकडचं टोक घासायचं. सफाईवाल्यांचं फरशी घासायचं यंत्र आहे, त्याने वाळूची टोकं मोडतात. तेवढं ते फास्ट होईल.”

“म्हणजे मी स्लो कोर्ट मागितलं आणि तुम्ही मला दोन्हीकडून फास्ट देणार. वा! लग्नाला बोलावलं आणि भांडी घासायला लावली.”

“भांडी मीच घासतोय साहेब,” मामा म्हणाला. “तुम्ही फक्त तुमचे दोन तास द्या.”

कॅप्टनने घड्याळ पाहिलं, मग खेळाडूंना प्रेक्षकांच्या खुर्च्यांवर बसायला सांगितलं. पाहुणे कोर्टावर उतरेपर्यंत कोर्टाचं काय करायचं हा यजमानांचा प्रश्न. अकरानंतर मात्र रेफ्रीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही, असा नियम होता.

नऊ वाजून बारा मिनिटांनी यंत्र सुरू झालं. मामा ते ढकलत होता, मामी वायर मागे-मागे सांभाळत होती. जाळ्यापासून भिंतीपर्यंत, एकाला एक लागून पट्टे. एक फेरी पंचवीस मिनिटांची. मग ओल्या फडक्याने धूळ टिपायची, हीटर ओढून वाळवायचं, मग मी मोजायचं.

पहिल्या फेरीनंतर ३३.३.

“एकशे वीस शतांश,” मी म्हटलं.

“मराठीत सांग,” मामी म्हणाली.

“सव्वा.”

“मग अजून एकदा घासलं की झालं.”

पण तसं होत नाही. आधी उंच टोकं मोडतात, मग जास्त टोकं एकदम घासली जातात आणि प्रत्येक फेरीला मिळकत कमी होते. दुसऱ्या फेरीनंतर ३३.९. वरून कॅप्टनने ओरडून विचारलं, “किती?” मी आकडा सांगितला. त्याने खेळाडूंना काहीतरी सांगितलं आणि आमचा एक नंबर हसला, पण गालातल्या गालात.

तिसऱ्या फेरीनंतर, दहा बावन्नला, ३४.२. दाराकडचं टोक ३८.४. फरक ४.२.

माझ्या यंत्राची त्रुटी ०.३ आहे. म्हणजे खरा फरक ३.९ असेल किंवा ४.५ असेल, मला सांगता येत नव्हतं. नियमात त्रुटीचा उल्लेखच नाही. नियमात फक्त चार आहे.

“अजून एक फेरी,” मामा म्हणाला. त्याचा शर्ट पाठीला चिकटला होता.

दार उघडलं आणि पाहुण्यांचा संघ आत आला. पिशव्या खांद्यावर, घड्याळ बघत. आठ मिनिटं आधी.

मामाने यंत्राचं बटण बंद केलं.

अकरा ते एक पाहुणे खेळले. आम्ही तिघं आणि कॅप्टन पडद्यामागच्या सामानाच्या खोलीत बसलो. चेंडूंचे आवाज येत होते. दाराकडून एक आवाज, भिंतीकडून दुसरा, किंचित जड. मला वाटलं हा फरक सगळ्या हॉलला ऐकू जातोय. बहुधा मला एकटीलाच जात होता.

कॅप्टनने नियमांची पुस्तिका मांडीवर उघडली. त्यात कोर्टाचा आराखडा होता आणि मोजायच्या जागांवर फुल्या. प्रत्येक टोकाला तीन.

“याच जागा मोजतात ना?”

“हो,” मी म्हटलं.

“नक्की?”

“रेफ्रीला वाटलं तर जास्त मोजता येतात. वाटायला कारण लागतं.”

“तर मग.” त्याने बोटाने तीन फुल्या दाबल्या. “पाहुणे एकला जातात. रेफ्रीबाई पावणेदोनला खाली येतात. मध्ये पाऊण तास. या तीन जागा, हातभर, हाताने घासायच्या. दहा मिनिटांचं काम. बाकी कोर्ट आहे तसं स्लो राहील, आकडा नियमात बसेल, तुमचं नाव यादीत लागेल. कुणाचं काय बिघडलं?”

मामा त्या फुल्यांकडे बघत राहिला.

“अहो, दर दोन गेमनंतर बाजू बदलते,” तो म्हणाला. “फरक असला तरी दोघांनाही सारखाच. यात अन्याय कुठे आहे?”

खरं सांगायचं तर मी मनातल्या मनात हातभर जागेचं क्षेत्रफळ काढत होते. आणि ते किती थोडं आहे, असंही माझ्या मनात येत होतं.

मामा उठला आणि पाण्याची बाटली एका दमात अर्धी केली. “साहेब, तुमच्या एक नंबरच्या बुटाचा नंबर काय?”

“त्याचा काय संबंध?”

“घासलेल्या जागेवर पाय सरकतो. तसाच सरकत खरखरीत जागेवर आला की अडकतो. पाय अडकतो, पण अंग थांबत नाही. मग घोटा जातो. एका शाळेच्या कोर्टावर मी असंच ठिगळ लावलं होतं. मुलगी चार महिने काठी घेऊन चालली. तुमचा पोरगा त्या टोकाला धावत सुटणारच, तेच तर त्याचं भांडवल.”

“एवढ्याशा जागेने?”

“तिचाही घोटा एवढासाच होता.”

कॅप्टनने पुस्तिका मिटली, पण हार मानली नाही. “ठीक. मग काहीच करू नका. चार पॉइंट दोन तुमच्या जुनाट डब्याने दाखवलेत. त्यांच्या यंत्रावर कदाचित साडेतीन दाखवेल. झाकली मूठ.”

“किंवा साडेचार,” मी म्हटलं.

“आकडेवाल्या बाई, तुमच्यापुढे तिसरा रस्ता आहे का?”

होता. रेफ्रीला सांगायचं आणि आणखी एका फेरीची परवानगी मागायची. मी तसं म्हणाले तेव्हा कॅप्टन उभाच राहिला.

“म्हणजे स्वतःहून जाऊन सांगायचं की आमचं कोर्ट वाकडं आहे? मग त्या तीनच जागा मोजतील? त्या कानाकोपरा मोजतील! हात दाखवून अवलक्षण करून घ्यायची हौस आहे का?”

मी मामाकडे पाहिलं. नाव त्याचं लागणार होतं किंवा जाणार होतं. माझं यात काहीच जाणार नव्हतं, आणि हेच मला सगळ्यात वाईट वाटत होतं.

मामाने मामीकडे पाहिलं.

“माझ्याकडे काय बघता?” मामी म्हणाली. “पिंप माझ्या बापाने नव्हतं आणलं. जायचं तर जा, पण शर्ट बदलून जा.”

पाहुण्यांचा सराव संपल्यावर मामा आणि मी वर गेलो. रेफ्रीबाई वरच्या मजल्यावरच्या ऑफिसात उद्याच्या सोडतीची तयारी करत होत्या. टेबलावर काचेचं भांडं होतं आणि घड्या घातलेल्या कोऱ्या चिठ्ठ्या; कुणाचा सामना आधी आणि कुणाशी, ते त्यांतून ठरणार होतं. पांढरे केस, कोपरांना ठिगळं लावलेला कोट. त्यांनी आम्हाला बसायला सांगितलं. आम्ही उभे राहिलो.

मामाने सांगितलं : फरक होता, सकाळी घासलं, अजून थोडा उरलाय, एक फेरी घासू द्या.

“फरक कशामुळे आला?” त्यांनी विचारलं.

“माझ्या हातून...”

“एकाच पिंपात रंग कालवायचा सल्ला माझा होता,” मी म्हटलं. “वाळू तळाशी बसली. यांची पद्धत वेगळी होती, ती मीच बदलायला लावली.”

रेफ्रीबाईंनी माझे सकाळचे सगळे आकडे मागितले. मी वही दिली. त्यांनी पानं शेवटपर्यंत वाचली. खोडलेले आकडेसुद्धा.

“पाहुणे खेळून झालेत,” त्या म्हणाल्या. “आता बदल करायचा तर त्यांच्या कॅप्टनची संमती लागेल.”

पाहुण्यांच्या कॅप्टनला बोलावलं गेलं. गळ्यात टॉवेल, हातात केळं. मनाने सज्जन माणूस असावा. त्याने सगळं नीट ऐकलं, केळं संपवलं, साल कुठे टाकावं म्हणून इकडेतिकडे पाहिलं.

“आमच्या पोरांना कोर्ट आवडलंय,” तो म्हणाला. “आहे तसंच राहू द्या की.”

त्याला पर्यायी कोर्टाबद्दल माहीत होतं. सगळ्यांना माहीत होतं.

“म्हणजे संमती नाही?” रेफ्रीबाईंनी विचारलं.

“नाही. राग मानू नका हं,” हे तो मामाकडे बघून म्हणाला. “तुमच्या जागी मी असतो तर वर आलोच नसतो.”

तो गेल्यावर रेफ्रीबाईंनी वही मला परत दिली. “दोन वाजता मोजू. प्रत्येक टोकाला तीनऐवजी सहा जागा. आधी कळलंय म्हटल्यावर मला तसं करावं लागेल.”

“बरोबर आहे,” मामा म्हणाला.

जिन्यात तो दोन पायऱ्या उतरून थांबला. मला वाटलं रागावेल. त्याने कठड्यावरून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहिलं. “रंग बरा लावलाय,” एवढंच बोलला.

खाली कॅप्टन वाट बघत होता. आमच्या तोंडांवरूनच त्याला कळलं. त्याने मामाला काही म्हटलं नाही. मला म्हणाला, “आज तुम्ही आपल्या माणसाचा घात केलात, बाई. विज्ञानात याला काय म्हणतात?”

मामी पुढे झाली. “ती लहान आहे, तिला विचारू नका. मला विचारा.”

“मग तुम्ही सांगा.”

“दोन वाजता सांगते,” मामी म्हणाली.

दोन वाजता रेफ्रीबाईंचा तंत्रज्ञ आपलं यंत्र घेऊन आला. चकचकीत, चाकांवरचं. आमच्या बाजूने मामा, मामी, मी आणि कॅप्टन. पलीकडून पाहुण्यांचा कॅप्टन, आता टॉवेल नसलेला. खेळाडू खुर्च्यांवर. दोन्ही संघांची मिळून आठ माणसं. हीटरही बंद ठेवले होते, वाऱ्याने मोजणी बिघडू नये म्हणून. तापमान अठरा अंश.

दाराकडचं टोक आधी. सहा जागा, प्रत्येक जागी पाच चेंडू. यंत्रातून चेंडू सुटला की चापट मारल्यासारखा आवाज यायचा, मग तंत्रज्ञ आकडा मोठ्याने वाचायचा आणि रेफ्रीबाई लिहायच्या. मीही लिहीत होते. सरासरी ३८.१. माझ्या यंत्रापेक्षा तीन दशांशाने कमी.

म्हणजे भिंतीकडे निदान ३४.१ हवे होते. सहा जागांची बेरीज २०४.६.

यंत्र जाळ्याला वळसा घालून पलीकडे गेलं. त्याचं एक चाक कुरकुरत होतं.

पहिली जागा : ३४.६.

मामीने माझा दंड धरला.

दुसरी जागा : ३३.८. ही कोपऱ्यातली होती. फरशीचं यंत्र तिथे नीट वळत नव्हतं, हे मला सकाळीच दिसलं होतं आणि मी मामाला सांगितलं नव्हतं, कारण तो घामाने निथळत होता.

तिसरी जागा : ३४.५.

चौथी जागा : ३३.९. पाहुण्यांच्या कॅप्टनने पाय बदलला. आमच्या कॅप्टनने हाताची घडी सोडली आणि परत घातली.

पाचवी जागा : ३४.०.

मी बेरीज केली. १७०.८. शेवटच्या जागेला ३३.८ हवे होते. ती दुसऱ्या कोपऱ्यातली होती.

“किती हवेत?” मामाने पुढे बघत, ओठ न हलवता विचारलं.

मी सांगितलं. त्याने मान हलवली आणि दोन्ही हात मागे घेतले.

तंत्रज्ञाने यंत्र कोपऱ्यात नेलं. चाक खडूच्या खुणेवर आणलं, पाणसळीने पातळी तपासली, पाच चेंडू भरले. पहिला सुटला. दुसरा सुटला. तिसऱ्याला यंत्रावर लाल दिवा लागला, तो चेंडू बाद धरून त्याने नवा भरला. तो सुटला. मग चौथा. मग पाचवा.

त्याने पडद्यावरचा आकडा एकदा स्वतःशी वाचला आणि मग मोठ्याने वाचला.

सहावी जागा : ३४.४. भिंतीकडच्या टोकाची सरासरी : ३४.२. दोन टोकांतला फरक : ३.९.